भट्टीविना डागडुजी : ओतीव पोलादाच्या वेल्डिंगविषयी काही सूचना

एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, यांच्या सान्निध्यात वसलेल्या खांदेश्वरच्या परिसरात ज्यांचा चरितार्थ पोलादावर चालतो, अशा लहानमोठ्या कारखानदारांपुढे, पर्यवेक्षकांपुढे आणि वेल्डरांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. व्हॉल्व्हची बॉडी, पंपाचे आवरण किंवा एखाद्या अवजड यंत्राचा पाया यांसारखी पोलादी ओतीव वस्तू यंत्रकाम पुरे झाल्यावर अथवा कित्येक वर्षांच्या सेवेनंतर सदोष आढळली, तर तो दोष खोदून काढून, ती जागा वेल्डिंगने भरून, ती वस्तू पुन्हा भट्टीत तापवलीच पाहिजे काय, की त्या उष्णोपचारावाचूनही ती निर्धोकपणे वापरास देता येईल? माझे मत प्रथमच सांगून टाकतो. काही मर्यादेत भट्टी टाळता येते. परंतु भट्टी जे कार्य करीत असते ते टाळता येत नाही, आणि ते कार्य मग पूर्वतापन, रॉडचा कोरडेपणा, थरांची योजना आणि थांबण्याची तयारी यांच्याकडून करवून घ्यावे लागते. जो हे चारही खर्च सोसण्यास राजी नाही, त्याने भट्टीचे भाडे भरावे हेच त्याच्या हिताचे आहे.

भट्टी टाळण्यामागील सर्वच कारणे आळसाची किंवा कंजूषपणाची असतात असे नव्हे. ज्या बॉडीची तोंडे लेथवर घोटून गुळगुळीत झाली आहेत आणि जिच्या आत कठीण मिश्रधातूचा थर दिलेल्या सीट-रिंगा पक्क्या बसवल्या आहेत, ती वस्तू ६०० अंशांच्या वर तापवली की पृष्ठभागावर खपली धरते, मापे सरकतात आणि झालेले सारे यंत्रकाम वाया जाते. एखादे टर्बाइनचे आवरण पायावरून उचलणेच अशक्यप्राय असते, आणि जागेवरच विजेच्या पट्ट्या गुंडाळून असमान जाडीची वस्तू तापवू गेल्यास, एक भाग तप्त आणि शेजारचा थंड राहिल्यामुळे, उपचाराऐवजी नवे ताणच पदरी पडतात. ही कारणे सयुक्तिक आहेत. परंतु ‘माल उद्याच रवाना करायचा आहे’ हे कारण सयुक्तिक नाही, आणि अनुभव असा की, पुढे तडे जातात ते बहुधा याच कारणाने भट्टी टाळलेल्या वस्तूंना.

वेल्डिंगनंतरच्या उष्णोपचाराने नेमके काय साधते, हे मनात स्पष्ट असल्याखेरीज त्याला पर्याय शोधणे व्यर्थ आहे. साध्या कार्बन पोलादाची वस्तू सुमारे ५९५ ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवून, जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे एक तास या प्रचलित हिशेबाने तेथे ठेवून, पुन्हा सावकाश थंड केली म्हणजे तीन गोष्टी घडतात. जाड आणि थंड धातूच्या कुशीत पडलेला तप्त रस क्षणार्धात निवल्यामुळे सांध्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात जी कठीण व ठिसूळ घडण, ज्याला धातुशास्त्रात मार्टेन्साइट म्हणतात ती, निर्माण झालेली असते, तिचे काठिण्य उतरते. आर्कच्या उष्णतेत ओलाव्यापासून सुटून धातूत शिरलेला हायड्रोजन बाहेर निघून जातो. आणि थिजताना आकसू पाहणाऱ्या, परंतु सभोवतालच्या धातूने जखडून धरलेल्या वेल्डमध्ये जे अवशिष्ट ताण उरलेले असतात, ते बहुतांशी शिथिल होतात.

या तिघांपैकी पहिल्या दोन गोष्टी भट्टीवाचून, वेल्डरच्या कौशल्याने व शिस्तीने साधता येतात. तिसरी साधत नाही. थरांची रचना कितीही कुशलतेने केली तरी सांध्यात उरणारा ताण धातूच्या नमनबिंदूच्या आसपासच राहतो. म्हणून जेथे तो ताणच घातक आहे, म्हणजे दाहक सोड्याच्या, अमाइनच्या किंवा आर्द्र हायड्रोजन सल्फाइडच्या सेवेत, अथवा जेथे यंत्रकामानंतर शतांश मिलिमीटरचीही हालचाल चालणार नाही अशा भागात, तेथे भट्टीविना डागडुजीची तजवीज मुळातच करू नये.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लेमाँट येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात वायूतील हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या द्रावणाने शोषून घेणारा एक उंच मनोरा होता. १९७४ साली त्याचे एक खराब झालेले कडे जागेवरच कापून नवे जोडण्यात आले, आणि त्या काळच्या नियमावलीनुसार आवश्यक नसल्यामुळे त्या सांध्यांवर उष्णोपचार झाला नाही. सांध्यालगतचा पट्टा कठीण राहिला. द्रव्यातील हायड्रोजन वर्षानुवर्षे त्यात झिरपत राहून सूक्ष्म भेगा वाढत गेल्या. आणि २३ जुलै १९८४ च्या संध्याकाळी तो मनोरा त्या सांध्यापाशी फाटून झालेल्या स्फोटात व आगीत १७ माणसे मृत्युमुखी पडली. ती वस्तू ओतीव नसून पत्र्याची होती हे खरे. परंतु सांध्यालगतच्या पोलादाला आपण ओतीव आहोत की लाटीव, याची काही मातब्बरी नसते. नियमावलीने उष्णोपचाराची सक्ती केली नाही म्हणून तो अनावश्यक ठरला, असा अर्थ जे काढतात त्यांनी या दुर्घटनेचा वृत्तान्त एकदा तरी शांतपणे अभ्यासावा.

नियमावलीचा विषय निघालाच आहे, तर तिचा तपशील पाहू. आपल्या भागातील व्हॉल्व्हच्या कामात बहुधा जे पोलाद आढळते ते एएसटीएमच्या ए २१६ या विनिर्देशातील डब्ल्यूसीबी या दर्जाचे असते. त्यात कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. मँगनीजची मर्यादा १.०० टक्का असली तरी कार्बन त्याच्या मर्यादेहून जितका कमी असेल, त्यातील दर ०.०१ टक्क्यामागे मँगनीज ०.०४ टक्क्याने वाढवण्याची मुभा आहे, ती १.२८ टक्क्यांपर्यंत. याच विनिर्देशात डागडुजीची सीमारेषा आखून दिली आहे. वेल्डची खोली भिंतीच्या जाडीच्या २० टक्क्यांहून किंवा २५ मिलिमीटरहून, यांपैकी जे कमी असेल त्याहून, अधिक झाली, किंवा त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस सेंटिमीटरच्या पुढे गेले, किंवा ती वस्तू पाण्याच्या दाबाच्या चाचणीत गळली म्हणून ते वेल्डिंग करावे लागले, तर वेल्डिंगनंतर ताणमुक्तीचा अथवा पूर्ण उष्णोपचार केलाच पाहिजे. म्हणजे ४० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ८ मिलिमीटर खोलीपर्यंतच मोकळीक आहे. आणि १५० मिलिमीटर जाडीत २० टक्के म्हणजे ३० होत असले तरी मर्यादा २५ चीच राहते.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते, कारण तिच्याबाबत हयगय फार होते. ही मापे दोष जसा वरून दिसतो त्याची नसून, तो समूळ खोदून काढल्यावर उरणाऱ्या खळग्याची आहेत. वरून मोहरीएवढे छिद्र दिसावे आणि खोदता खोदता आत आकसण्याची पोकळी हाताच्या तळव्याएवढी निघावी, हा ओतीव पोलादाचा नित्याचा स्वभाव आहे. सबब डागडुजीचा निर्णय खोदकामापूर्वी पक्का करू नये, ग्राहकाला तसे वचन देऊ नये. खळगा स्वच्छ झाल्यावर मोजपट्टी व खोलीमापक घेऊन मोजावा, आणि तो मर्यादेपलीकडे गेला असेल तर ते त्याच दिवशी लेखी कळवावे. तसेच गळणारी बॉडी पाण्याखालून काढून, गुपचूप दोन रन मारून पुन्हा चाचणीस लावण्याचा जो शिरस्ता काही ठिकाणी पडला आहे, तो विनिर्देशाच्या अगदी उघड विरुद्ध आहे. गळती याचा अर्थ दोष भिंतीच्या आरपार गेलेला आहे, आणि आरपार गेलेल्या दोषाची डागडुजी ही लहान डागडुजी कधीच नसते.

याशिवाय दोन अधिकार स्मरणात ठेवले पाहिजेत. खरेदीदाराच्या हुकूमनाम्यात विनिर्देशाहून कडक अट असू शकते, आणि तशी असल्यास तीच बंधनकारक होय. दुसरे असे की, वस्तू बाष्पकाच्या जोडणीतील असेल तर तिच्यावर १९५० च्या भारतीय बाष्पक विनियमांचा अंमल चालतो. अशा व्हॉल्व्हचा जो ‘फॉर्म तीन-सी’ दाखला असतो, तो ज्या स्थितीत वस्तू तपासली गेली तिचा असतो, आणि तीवर नंतर परस्पर वेल्डिंग करणे म्हणजे तो दाखला निरर्थक करणे होय. तेव्हा बाष्पके संचालनालयाच्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घेतल्यावाचून अशा वस्तूला हात लावू नये.

आता ज्या पोलादाशी गाठ आहे त्याची ओळख. ओतशाळेच्या दाखल्यावरचा हीट नंबर बॉडीवरील उठावाच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि त्या हीटचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवून कार्बन तुल्यांक काढावा. त्याची रीत सोपी आहे: कार्बनच्या टक्क्यात मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवावा. समजा, कार्बन ०.२५ व मँगनीज ०.९० आहे, क्रोमियम ०.१०, मॉलिब्डेनम ०.०५ आणि व्हॅनेडियम ०.०१ मिळून ०.१६ होतात, निकेल व तांबे प्रत्येकी ०.१५ आहेत. मग ०.२५ अधिक ०.१५ अधिक ०.०३२ अधिक ०.०२, म्हणजे तुल्यांक सुमारे ०.४५ येतो. मोडीपासून ओतलेल्या पोलादात हे उपरे धातू नकळत शिरलेले असतात, म्हणून ‘डब्ल्यूसीबी म्हणजे साधे पोलाद’ अशी समजूत करून घेऊन केवळ कार्बन व मँगनीज पाहणे पुरेसे नाही. तुल्यांक ०.४० च्या आत असेल तर काम सुकर, ०.४५ च्या पुढे गेला तर मी पूर्वतापनात काटकसर होऊ देत नाही. आणि क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त डब्ल्यूसी ६ किंवा डब्ल्यूसी ९ सारखी मिश्रपोलादे केवळ हवेत निवतानाही कठीण होतात. त्यांची भट्टीविना डागडुजी ही विशेष पद्धतीची रीतसर पात्रता-चाचणी झालेल्या आणि नियमावलीने तशी स्पष्ट मुभा दिलेल्या कामापुरतीच राखून ठेवावी. दाखला हरवला आहे, पोलाद कोणते ते सांगता येत नाही, अशा वस्तूचे पृथक्करण प्रथम करून घ्यावे. अज्ञात पोलादावर आर्क मारणे हा निव्वळ जुगार आहे.

खोदकाम आर्क-गाउजिंगने करावयाचे असेल तर तेही पूर्वतापन करूनच करावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्बनच्या कांडीने कापलेला पृष्ठभाग कार्बन शोषून घेतो आणि थंड धातूवर तो काचेसारखा कठीण होतो. म्हणून गाउजिंगनंतर किमान दीड मिलिमीटर धातू ग्राइंडरने काढून चकचकीत पोलाद उघडे करावे. वाळू अडकलेली असेल तर तिचा शेवटचा कणही उरता कामा नये. साच्यातील आधाराचा न वितळलेला खिळा सापडला तर तो पूर्ण उपटावा. तडा असेल तर त्याची दोन्ही टोके चुंबकीय कणांच्या चाचणीने निश्चित करून त्यांच्या पलीकडून खोदण्यास आरंभ करावा. खळग्याचा तळ गोलसर आणि बाजू उताराच्या असाव्यात, म्हणजे रॉडचे टोक सर्वत्र पोहोचेल आणि कडेला किटाची घळ राहणार नाही. यानंतर पुन्हा चुंबकीय किंवा डाय पेनिट्रंट चाचणी घ्यावी, आणि पेनिट्रंट वापरला असल्यास त्याचा अंश सॉल्व्हंटने पुसून, वस्तू तापवून, निःशेष घालवावा.

रॉडविषयी जितके सांगावे तितके थोडेच. आपण समुद्राच्या व खाडीच्या शेजारी राहतो. जून ते सप्टेंबर या काळात पनवेल तालुक्याच्या हवेत ओलावा इतका असतो की, उघडा ठेवलेला कमी-हायड्रोजन रॉड काही तासांतच कमी-हायड्रोजन राहत नाही. ७०१८ प्रकारचा रॉड उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, सामान्यतः ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास, भट्टीत भाजावा. भाजल्यावर १२० अंशांच्या वर ठेवलेल्या होल्डिंग ओव्हनमध्ये राखावा. आणि वेल्डरने कामापुरतेच रॉड तप्त डब्यातून घ्यावेत. चार तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेला रॉड परत ओव्हनमध्ये सरकवून चांगल्या रॉडांत मिसळू नये. पावसाळ्यात तर मी ही मुदत याच्या निम्मी धरतो. पाकिटावर ‘एच ४’ अशी खूण असेल तर त्याचा अर्थ असा की, वेल्डच्या दर १०० ग्रॅम धातूत ४ मिलिलिटरहून अधिक विसरणशील हायड्रोजन जात नाही. भट्टीविना कामासाठी हाच दर्जा मागवावा. अधिक पैसे पडतात ते रास्त पडतात.

हायड्रोजनाने जाणारा तडा लबाड असतो. कठीण घडण, हायड्रोजन आणि ताण ही तिन्ही एकत्र आली आणि धातू सुमारे २०० अंशांच्या खाली उतरला की तो जन्म घेतो. पण तत्काळ नव्हे, काही तासांनी, कधी दोन दिवसांनी. मेलबर्नमधील किंग स्ट्रीट पुलाचा इतिहास येथे आठवतो. १९६१ साली वाहतुकीस खुला झालेला तो पूल १० जुलै १९६२ च्या थंडगार सकाळी एका ४५ टनी वाहनाखाली खचला, आणि चौकशीत असे निष्पन्न झाले की, तुळयांच्या खालच्या पट्ट्यांवर जोडलेल्या पट्ट्यांच्या टोकांशी, आडव्या वेल्डलगत, पूल उभा राहण्यापूर्वीपासूनच तडे होते. ते तपासणाऱ्यांच्या दृष्टीस पडले नव्हते, आणि अशा तड्यांच्या बाबतीत तपासणीची वेळ चुकली की डोळस माणसालाही काही दिसत नाही.

पूर्वतापनाचा हेतू वेल्डलगतचा धातू सावकाश निवावा हा आहे, म्हणून केवळ पृष्ठभाग चटका लागण्याइतका तापवून भागत नाही. गॅसच्या बर्नरने खळग्याच्या सभोवार किमान ७५ मिलिमीटरपर्यंत आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत उष्णता मुरू द्यावी. शक्य असेल तेथे तापमान ज्योतीच्या उलट बाजूने, टेम्पिलस्टिकने किंवा संपर्क-तापमापकाने पाहावे. भट्टीला पर्याय म्हणून जी पद्धत योजायची तिच्यासाठी साध्या कार्बन पोलादास १५० अंश ही किमान आणि दोन रनांच्या दरम्यान २३० अंश ही कमाल मर्यादा उत्तम. हीच मर्यादा अमेरिकेच्या राष्ट्रीय मंडळाच्या तपासणी-संहितेतही, वापरातील दाबपात्रांच्या उष्णोपचारविरहित डागडुजीच्या एका पद्धतीसाठी, घालून दिलेली आहे. काम मध्येच सोडून जेवायला जाण्याची वेळ आली तर वस्तू सिरॅमिक ब्लँकेटने झाकून बर्नर मंद ठेवावा.

आता या विद्येचे जे मर्म, ती टेम्पर बीडची पद्धत. अणुऊर्जा केंद्रांतील जाड दाबपात्रे जागेवरून हलवणे किंवा समग्र तापवणे अशक्य असल्यामुळे तेथे ही पद्धत विशेष विकसित झाली. आरंभी पहिला थर घालून त्याची निम्मी जाडी ग्राइंडरने काढीत आणि वर दुसरा थर देत. उद्देश हा की दुसऱ्या थराची उष्णता खाली पहिल्या थराने कठीण केलेल्या पट्ट्यापर्यंत नेमकी पोहोचावी. पुढे असे ध्यानात आले की प्रत्येक थराची उष्णता मोजूनमापून वाढवत नेली तर हे किचकट घासकाम टाळता येते. आज रूढ आहे ती रीत हीच.

खळग्याचा संपूर्ण पृष्ठभाग, तळ आणि बाजू, प्रथम २.५ मिलिमीटरच्या रॉडने सरळ, न डोलवता, प्रत्येक रन आधीच्या रनाच्या निम्म्यावर चढवीत आच्छादावा. अशा निम्म्या आच्छादनाने मागच्या रनाखालचा भरड कणांचा पट्टा लगोलग पुन्हा तापून बारीक होतो. हा थर शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा सर्वत्र सारख्या जाडीचा उतरला पाहिजे. कोठे उंचवटा राहिला तर तेवढाच ग्राइंडरने सारखा करावा. त्यावर दुसरा थर ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने आणि तिसरा ४ मिलिमीटरच्या रॉडने द्यावा, आणि प्रत्येक थरात उष्णता आधीच्या थराच्या साधारण १.३ ते १.८ पट असावी. ती काढण्याची रीत अशी: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले दर मिनिटास मिलिमीटरमधील वेग, आणि पुन्हा भागिले हजार, म्हणजे दर मिलिमीटरला किलोज्यूल मिळतात. २२ व्होल्ट, ८० अँपिअर, मिनिटास १२० मिलिमीटर असा पहिला थर ०.८८ किलोज्यूलचा झाला. २३ व्होल्ट, १२० अँपिअर, १३० मिलिमीटर असा दुसरा १.२७ चा, २४ व्होल्ट, १५५ अँपिअर, १२० मिलिमीटर असा तिसरा १.८६ चा. दोन्ही ठिकाणी वाढ जवळजवळ दीडपट आहे. उष्णता फार वाढवली तर दुसरा थर खालच्या पट्ट्याला मृदू करण्याऐवजी पुन्हा सुमारे ७२५ अंशांच्या सीमेपलीकडे नेऊन नव्याने कठीण करतो. फार कमी ठेवली तर तेथपर्यंत पोहोचतच नाही. वेल्डरजवळ घड्याळ घेऊन उभे राहणे पर्यवेक्षकास जिकिरीचे वाटत असेल, तर एका रॉडने किती लांबीचा रन उतरला हे खडूने खुणा करून मोजावे; अँपिअर कायम असतील तर ही लांबीच उष्णतेचा पुरेसा भरवशाचा पुरावा देते.

खळगा भरत आल्यावर सर्वांत नाजूक जागा उरते ती म्हणजे वरची कड, जेथे शेवटचा रन मूळ धातूला भिडतो. कारण त्याच्या पट्ट्याला मृदू करणारा थर वर कोणताच नसतो. म्हणून पृष्ठभाग समतल झाल्यावर एक जादा थर द्यावा, आणि तो कडेपासून सुमारे दीड ते तीन मिलिमीटर आत थांबवावा. मूळ धातूला तो मुळीच शिवता कामा नये. शिवला तर सारा खटाटोप वाया गेला असे समजून ती जागा पुन्हा दुरुस्त करावी. हा जादा थर नंतर घासून टाकायचा असतो. बोजड हातोडीने ठोकून ताण कमी करण्याची जुनी रीत मधल्या थरांपुरती ठीक आहे. पहिल्या आणि शेवटच्या थराला हातोडी लावू नये.

शेवटचा रन पडताच बर्नर बंद करणे ही मोठी चूक होय. वस्तू थंड होण्यापूर्वीच तिचे तापमान २६० अंशांच्या आसपास चढवून किमान दोन तास तेथे राखावे, आणि मग ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश निवू द्यावी. हा काही ताणमुक्तीचा उपचार नव्हे, आणि दाखल्यावर तसा त्याचा उल्लेख करणे खोटेपणाचे होईल. याने केवळ हायड्रोजनाला बाहेर पडण्यास अवकाश मिळतो. तेवढ्यासाठीच तो अमोल आहे.

पुष्कळ ठिकाणी या सर्व परिश्रमांना बगल देण्यासाठी ३०९ जातीचा स्टेनलेस रॉड सर्रास वापरला जातो, आणि ‘तडा गेला नाही’ एवढ्यावर त्याची वाहवा होते. अशा वेल्डची ऑस्टेनाइटी घडण हायड्रोजनाला आपल्यातच धरून ठेवते, म्हणून तात्कालिक तडा टळतो हे खरे. परंतु तिचे उष्णतेने प्रसरण साध्या पोलादाहून बरेच अधिक असल्यामुळे, वारंवार तापणाऱ्या व निवणाऱ्या वस्तूत सांध्याच्या रेषेवर प्रत्येक फेरीला ओढाताण होते, मिश्रणाच्या रेषेवर कठीण पट्टा उरतो, आणि पुढे अल्ट्रासॉनिक तपासणी घ्यावी म्हटले तर त्या भरड घडणीतून लाटा नीट परतत नाहीत. टर्बाइनच्या आवरणांसारख्या तप्त वस्तूंना याऐवजी निकेल-क्रोमियम-लोह जातीचा रॉड वापरतात, कारण त्याचे प्रसरण पोलादाच्या पुष्कळ जवळचे असते. तो महाग आहे, पण योग्य जागी वापरला तर त्याची किंमत वसूल होते. दाबाखालील साध्या कार्बन पोलादाच्या बॉडीला मात्र ७०१८ आणि शिस्त यांना तोड नाही.

ही पद्धत प्रत्यक्ष वस्तूवर प्रथमच करून पाहू नये. त्याच दर्जाच्या, तितक्याच जाडीच्या ओतीव तुकड्यात तसाच खळगा खोदून, ज्या वेल्डरकडून काम करवायचे त्याच्याकडूनच तो भरून घ्यावा आणि आडवा छेद घेऊन व्हिकर्स काठिण्य मोजावे. ओतीव पोलादाच्या वेल्डिंगच्या पात्रतेसाठी एएसटीएमचा ए ४८८ हा विनिर्देश आहे, आणि टेम्पर बीडचे नियम एएसएमई संहितेच्या नवव्या विभागात आहेत. त्यांच्या आधारे कार्यपद्धतीचा मसुदा तयार करून त्यावर ग्राहकाची सही घ्यावी. सांध्यालगतच्या पट्ट्यात काठिण्य ३५० च्या वर गेले तर पद्धत नापास समजावी. हायड्रोजन सल्फाइडच्या सेवेत तर मर्यादा रॉकवेल सी मापाने २२, म्हणजे व्हिकर्सच्या सुमारे २५० ची आहे, आणि ती गाठण्यासाठी टेम्पर बीडवर विसंबून राहण्यापेक्षा अशी वस्तू भट्टीतच पाठवावी, हे माझे ठाम मत आहे.

काम थंड झाल्यावर ४८ तास थांबावे. ग्राहकाचा दूरध्वनी आला, गाडी दारात उभी राहिली, तरी थांबावे. त्यानंतर जादा थर घासून, वेल्ड आणि त्याभोवतीचा २५ मिलिमीटरचा पट्टा योक लावून चुंबकीय कणांनी, एकदा उभ्या आणि एकदा आडव्या दिशेने, तपासावा. मूळ वस्तूस क्ष-किरण तपासणीची अट असेल तर डागडुजीलाही तीच अट लागू आहे. शेवटी दाबचाचणी घ्यावी. क्लास १५० च्या डब्ल्यूसीबी बॉडीचा सामान्य तापमानाचा कमाल कार्यदाब १९.६ बार असतो, तिची चाचणी त्याच्या दीडपटीने घेतात, आणि पूर्वी एकदा उत्तीर्ण झालेली बॉडीही वेल्डिंगनंतर पुन्हा या चाचणीस बसवावी लागते. थेंब दिसला तर ती गळणारी वस्तू ठरली, आणि आता तिला भट्टीवाचून गत्यंतर नाही.

या सर्वांची नोंद दप्तरी असावी, आणि तिची एक प्रत ग्राहकास द्यावी. नोंदीत हीट नंबर, कार्बन तुल्यांक, खळग्याची लांबी, रुंदी व खोली आणि त्या जागेचा नकाशा असावा. रॉडच्या खेपेचा क्रमांक, तो भाजल्याची वेळ, पूर्वतापनाचे व रनांदरम्यानचे तापमान, प्रत्येक थराचे अँपिअर व रनाची लांबी, नंतर तापवून ठेवल्याचा काळ, तपासणीची तारीख व वेळ, आणि वेल्डरचा ओळखक्रमांक असावा. ‘उष्णोपचार केलेला नाही’ हे वाक्य त्यात ठळक अक्षरांत लिहावे, कारण दहा वर्षांनी तीच बॉडी दुसऱ्या एखाद्या कारखान्यात, आज चालते त्याहून वेगळ्या द्रव्याच्या सेवेत लावली जाण्याचा संभव असतो, आणि तेथील अभियंत्याला ती जागा नेमकी कोठे आहे हे नकाशावरूनच कळणार असते.